चार टक्के आणि चौदा हेलपाटे

शेतीच्या पतपुरवठ्याविषयी आजवर जे विपुल लेखन झाले आहे, त्यात व्याजाच्या दराला जेवढे स्थान मिळाले तेवढे चपलांच्या झिजेला मिळालेले नाही, आणि महाराष्ट्रातील शेतकऱ्याला कर्ज नेमके केवढ्याला पडते या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर अद्याप हाती न येण्याचे हेच मुख्य कारण असावे. खुद्द ‘पतपुरवठा’ हा शब्दही जरा फसवाच आहे. पाणीपुरवठ्यात पाणी पुरवले जाते, वीजपुरवठ्यात (रात्री का होईना) वीज पुरवली जाते; पतपुरवठ्यात मात्र पत पुरवली जात नाही, ती अर्जदाराने घरून आणायची असते आणि ती आणल्याची खात्री पटल्यावर संस्था फक्त पैसे पुरवते. उरलेल्या दोन पुरवठ्यांशी त्याचे साम्य एवढेच, की तोही बहुधा पेरणी उरकल्यावर येतो.

या विषयाचा अभ्यास करणाऱ्याने एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी लागते. फुकट कर्ज कोणीही देत नाही. प्रत्येक सावकार, मग तो धोतरातला असो वा संगणकामागचा, आपली किंमत वसूल करतोच, फक्त ती ठेवण्याची जागा प्रत्येकाची वेगळी असते. व्याजाचा दर म्हणजे कर्जाच्या किमतीचा तो भाग, जो कागदावर लिहिताना लिहिणाऱ्याला संकोच वाटत नाही. उरलेला भाग कोणी खेपांमध्ये ठेवतो, कोणी मतपेटीत, कोणी औषधाच्या बाटलीत, कोणी काट्यावर, तर कोणी शेजारणीच्या नजरेत. गावातल्या निरनिराळ्या धनकोंची तुलना करायची तर ‘दर किती’ हे विचारण्यापेक्षा ‘व्याज दडवले कुठे’ हे विचारणे अधिक शास्त्रशुद्ध ठरेल.

ऐतिहासिकदृष्ट्या पहिला मान अर्थातच सावकाराचा आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी शेतकऱ्यांचा जो उठाव झाला आणि पुढे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावोगावी पसरला, त्याला इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. या दंगेखोरांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या कागदांवर होता. रोखे, खतावण्या आणि हुकूमनामे बाहेर काढून ते जाळले जात आणि सावकाराने मुकाट्याने कागद हवाली केले तर मारहाण सहसा होत नसे. म्हणजे या प्रांतातील शेतकऱ्याने कर्जव्यवहारावर नोंदवलेला पहिला मोठा आक्षेप कागदपत्रांविरुद्ध होता. सरकारने या आक्षेपाची गंभीर दखल घेतली, चौकशी आयोग नेमला, १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा केला आणि अशा रीतीने कागदांची संख्या वाढवली.

त्यानंतर विल्यम वेडरबर्न या सनदी अधिकाऱ्याने न्यायमूर्ती रानड्यांच्या सहकार्याने पुरंदर तालुक्यात एक शेतकी पेढी काढण्याची योजना मांडली. हिंदुस्थान सरकारने ती मान्य केली, कागद विलायतेला भारतमंत्र्यांकडे गेले आणि तेथे ती नामंजूर झाली. शेतीकर्जाचा अर्ज खालच्या पायरीवर मंजूर होऊन वरच्या पायरीवर अडण्याची जी परंपरा पुढे शाखा, विभागीय कार्यालय आणि मुख्य कार्यालय यांनी निष्ठेने चालवली, तिचा उगम असा पुरंदरात सापडतो. पेढी मिळाली नाही, पण त्याच सुमारास सरकारने १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी तगाईची सोय केली. तगाई म्हणजे विहीर, बैल, बियाणे यांसाठी सरकारने स्वतः दिलेले कर्ज. तगाई महसूल खात्यामार्फत मिळे, म्हणजे सारा वसूल करणारा हातच कर्जही देई, त्यामुळे तो हात आत येतो आहे की बाहेर हे शेतकऱ्याला नीट कळेपर्यंत हंगाम संपलेला असे.

१९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. त्यामागे जर्मनीतील रायफायझन या गृहस्थाची कल्पना होती: एका गावातील माणसे एकमेकांना पुरती ओळखतात, कोण कष्टाळू, कोण उधळ्या, कोणाची विहीर उन्हाळ्यात आटते हे त्यांना ठाऊक असते, म्हणून त्यांनीच एकत्र येऊन एकमेकांच्या जबाबदारीवर कर्ज द्यावे. कल्पना निर्दोष होती. गावातील माणसे एकमेकांना ओळखतात हे खरेच होते, फक्त त्या ओळखीचे पुढे काय होते याचा अंदाज जर्मनीत बसून येणे कठीण होते. जवळजवळ पन्नास वर्षांनी, म्हणजे १९५१-५२ मध्ये रिझर्व्ह बँकेने देशभर ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी केली आणि गोरवाला समितीने १९५४ मध्ये तिचा अहवाल दिला. त्यानुसार शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के, सरकारचा ३.३ टक्के आणि व्यापारी बँकांचा ०.९ टक्के होता. धंदेवाईक आणि शेतकरी-सावकार मिळून वाटा होता सुमारे ७० टक्के. समितीचा निष्कर्ष थोडक्यात असा, की सहकार अपयशी ठरला आहे, सबब तो यशस्वी करणे भाग आहे. घरातील नापास मुलाविषयी वडिलांनी काढावा तसा हा निष्कर्ष होता आणि त्यानंतरची शिकवणीही तशीच खर्चिक झाली. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये ग्रामीण बँका निघाल्या, १९८२ मध्ये या सर्वांवर देखरेख करण्यासाठी नाबार्ड आली, आणि शेतकऱ्याच्या दारात धनकोंची रांग लागली. निदान कागदावर तरी रांग धनकोंची होती; प्रत्यक्षात ती शेतकऱ्यांची होती.

या रांगेच्या अग्रभागी असलेली राष्ट्रीयीकृत बँक दराच्या बाबतीत अत्यंत सोज्ज्वळ आहे. १९९८ पासून किसान क्रेडिट कार्ड नावाची व्यवस्था आहे; तीत तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज सात टक्के दराने मिळते, वर्षाच्या आत वेळेवर फेड केल्यास केंद्र सरकार आणखी तीन टक्क्यांची सूट देते, आणि दर चार टक्क्यांवर येतो. उरलेला भार महाराष्ट्र सरकार डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाच्या योजनेतून उचलते, त्यामुळे वेळेवर फेडणाऱ्याला कर्ज शून्य टक्क्याने पडते. मात्र ही अखेरची सूट हाती पडायला कधीकधी वेळ लागत असल्याने सावधपणे चारच धरलेले बरे. कोणत्या पिकाला हेक्टरी किती कर्ज द्यावे हे जिल्हास्तरीय तांत्रिक समिती ठरवते. २०१२ च्या सुधारणेने या मर्यादेत दहा टक्के रक्कम काढणीनंतरच्या आणि घरखर्चाच्या गरजांसाठी धरली जाऊ लागली. शेतकरी पेरणी ते काढणी या काळात जेवतोही, ही गोष्ट तेव्हापासून अधिकृतपणे मान्य झाली आहे.

येथवर दोष काढण्यास जागा नाही. पण बँक माणूस ओळखत नाही, ती जमीन ओळखते, आणि जमीनही प्रत्यक्ष नव्हे तर उताऱ्यावरची. म्हणून सातबारा लागतो, ज्यात जमीन कोणाची आणि तीत पीक काय हे लिहिलेले असते. आठ-अ लागतो, ज्यात एका खातेदाराची सगळी जमीन एकत्र दिसते. फेरफार लागतो, ज्यात ती जमीन त्याच्याकडे कशी आली याची कथा असते. सातबारा आता डिजिटल सहीने संगणकावर मिळतो, परंतु पुष्कळ ठिकाणी त्यावर तलाठ्याचा शिक्का असल्याखेरीज साहेबांचा जीव रमत नाही. २०२४ मध्ये तलाठ्याचे नाव ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे झाले, त्यामुळे पदनाम लांबले, खेप मात्र तेवढीच राहिली. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. परंतु तारण न मागणे आणि कागद न मागणे यांत शाखेच्या पातळीवर सूक्ष्म भेद करण्यात येतो.

पुढची अडचण दत्तकविधानाची. १९८९ मध्ये आलेल्या एका पद्धतीनुसार प्रत्येक गाव एकेका शाखेला नेमून देण्यात आले आणि लोकभाषेत त्याला ‘गाव दत्तक घेणे’ म्हणू लागले. ते बंधन पुढे सैल झाले, पण ‘तुमचं गाव आमच्याकडे दत्तक नाही’ हे वाक्य मात्र टिकले, कारण एखादा अर्ज न नाकारता परत पाठवण्याची एवढी सभ्य सोय दुसरी नाही. ज्या गावाला दत्तक घेतले जाते त्याच्या पालकाची दर दोन-तीन वर्षांनी बदली होते, आणि नवा पालक बहुधा अशा राज्यातून येतो जिथे जोंधळा आणि हरभरा यांची नावे वेगळी असतात. तो बिचारा मराठी शिकतो, गावे ओळखू लागतो, कोणाच्या शेतात खरोखर ऊस आहे हे त्याला कळू लागते, आणि नेमका त्याच आठवड्यात त्याचा बदलीचा हुकूम येतो.

या साऱ्याचा हिशेब मांडून पाहणे उद्बोधक ठरेल. समजा, नव्याने कर्ज मागणाऱ्या एका कोरडवाहू शेतकऱ्याला साठ हजार रुपये हवे आहेत. उताऱ्यांसाठी दोन खेपा, फेरफारासाठी एक, पंचक्रोशीतील इतर बँकांकडून ‘येणे बाकी नाही’ असे दाखले आणण्यासाठी तीन, मुद्रांकासाठी एक, अर्ज देण्यासाठी एक, साहेब प्रशिक्षणाला गेले म्हणून एक, सर्व्हर बंद म्हणून एक, जामीनदाराची सही राहिली म्हणून एक, तोच जामीनदार पॅन कार्ड विसरला म्हणून एक, बोजा चढवल्याचा उतारा दाखवण्यासाठी एक, आणि पैसे काढण्यासाठी एक, अशा चौदा खेपा होतात. बोजा म्हणजे सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात केलेली कर्जाची नोंद. ती चढते लवकर आणि उतरते सावकाश, या बाबतीत ती गोचिडीसारखी असते. एका खेपेला एसटीचे साठ रुपये आणि बुडालेला चारशेचा रोज धरला, तर चौदा हेलपाट्यांचे ६,४४० रुपये होतात. चार टक्क्यांचे वार्षिक व्याज २,४०० रुपये. बेरीज ८,८४० रुपये, म्हणजे कर्ज पडले पावणेपंधरा टक्क्यांना.

हाच हिशेब तीन लाख उचलणाऱ्या बागायतदाराचा मांडला तर व्याज १२,०००, हेलपाटे तेच ६,४४०, आणि दर जेमतेम सव्वासहा टक्के. यातून निघणारा सिद्धांत असा, की हेलपाट्याचा दर कर्जाच्या रकमेच्या व्यस्त प्रमाणात चढतो आणि जो सर्वांत लहान शेतकरी तोच सर्वांत महाग कर्ज घेतो. शिवाय हा हिशेबही बागायतदारावर अन्याय करणारा आहे, कारण त्याला चौदा खेपा घालाव्या लागत नाहीत. त्याच्याकडे हुरड्याला साहेबच येतात.

ही दरी बुजवण्यासाठीच प्रादेशिक ग्रामीण बँका काढण्यात आल्या होत्या. त्यांच्या भांडवलात केंद्र सरकारचा वाटा ५० टक्के, राज्याचा १५ आणि प्रायोजक बँकेचा ३५. कल्पना अशी, की शाखा लहान असावी, कर्मचारी आसपासचा असावा, त्याचा पगारही आसपासचाच असावा, आणि त्याला शेण व शेणखत यांतील फरक कळावा. पुढे न्यायाधिकरणाच्या निवाड्याने पगार शहरी बँकांइतके झाले, ही गोष्ट कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने न्यायाचीच होती. मग तोटे कमी करण्यासाठी बँका एकमेकींत विलीन होत गेल्या. एके काळी देशात १९६ असलेल्या या बँका १ मे २०२५ पासून २८ उरल्या आणि महाराष्ट्रातील दोन्ही मिळून एक झाली. स्थानिकपणा हे जिचे एकमेव वैशिष्ट्य, तिचे कार्यक्षेत्र आता वेंगुर्ल्यापासून गडचिरोलीपर्यंत आहे, तेव्हा तिला स्थानिक म्हणायचे तर राज्यालाच वाडी म्हणावे लागेल.

गावाला खरोखर स्वतःची वाटणारी संस्था म्हणजे विविध कार्यकारी सहकारी सेवा सोसायटी, जिला एवढे नाव घेण्याइतका श्वास कोणाकडे नसल्याने नुसते ‘सोसायटी’ म्हणतात. रचना तीन पायऱ्यांची आहे: वर राज्य सहकारी बँक, मध्ये जिल्हा मध्यवर्ती बँक, तळाशी गावची सोसायटी, पैसा वरून खाली येतो आणि जबाबदारी खालून वर जाते, ती कधीकधी मध्येच गहाळ होते. सोसायटी चावडीशेजारीच असल्याने हेलपाट्यांचा खर्च जवळजवळ नाही. गटसचिव दरवर्षी कमाल मर्यादा पत्रक तयार करतो, ज्यात कोणत्या सभासदाच्या किती क्षेत्रात कोणते पीक आणि त्याला जास्तीत जास्त किती कर्ज देता येईल हे लिहिलेले असते. उसाला हेक्टरी मर्यादा ज्वारीच्या कितीतरी पट असल्याने, ज्या गावात प्यायचे पाणी टँकरने येते तेथेही कागदावर ऊस डोलू लागतो. या वाणाचे वैशिष्ट्य असे, की त्याला पाणी लागत नाही, तुरा येत नाही आणि तो कोणत्याही कारखान्याला जात नाही. खरा ऊस असेल तर मात्र वसुली बिनचूक होते, कारण कारखाना बिलातून सोसायटीचे पैसे परस्पर कापून देतो. त्यामुळे ऊस उत्पादक हा कर्ज फेडतो असे म्हणण्यापेक्षा त्याच्याकडून ते फेडले जाते असे म्हणणे व्याकरणदृष्ट्या अधिक बरोबर होईल.

सोसायटीचे व्याज कुठे दडले आहे हे पाच वर्षांनी एकदा, संचालक मंडळाच्या निवडणुकीत दिसते. सभासद कर्जदार असतो तसाच तो मतदारही असतो, आणि या दोन भूमिकांची फारकत करणे त्याला आणि चेअरमनला सारखेच जड जाते. विरोधी पॅनेलच्या सभेत टाळी वाजवलेल्या माणसाच्या पत्रकात नेमकी शाईची कमतरता भासते. सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुलीचा दाखला त्याच्याच दारी आधी पोचतो. रायफायझनने सांगितलेली परस्परांची ओळख येथे पुरेपूर आहे, किंबहुना ती थोडी जास्तच आहे. या व्यवहाराने मराठी भाषेला एक रत्नही दिले आहे: सोसायटीचे बँकेला देणे जास्त आणि सभासदांकडून येणे कमी झाले, की त्या फरकाला ‘अनिष्ट तफावत’ म्हणतात. एखाद्या पौराणिक नाटकातील राक्षसिणीचे नाव शोभावे असा हा शब्दप्रयोग आहे, आणि ती एकदा संस्थेत शिरली की नवे कर्जवाटप गिळून टाकते, हे लक्षात घेता तो समर्पकही आहे.

औपचारिक धनकोंची यादी येथे संपते आणि ज्यांना कोणी धनको म्हणत नाही त्यांची सुरू होते. कृषी सेवा केंद्र, म्हणजे बी-बियाणे, खते आणि फवारणीची औषधे विकणारे दुकान, हे पैसे न देता कर्ज देते. तेथे अर्ज नाही, जामीन नाही, फोटो नाही. वहीत एक ओळ आणि ‘माल आल्यावर बघू’ एवढाच करारनामा. रोखीचा भाव आणि उधारीचा भाव यांत जे अंतर असते तेच व्याज, आणि छापील किंमत ही त्याची कमाल मर्यादा. मात्र उधारीवर नेणारे गिऱ्हाईक भाव विचारू शकत नाही तसाच मालही निवडू शकत नाही. त्याने कीटकनाशक मागितले तर त्यासोबत एक टॉनिक येते, ज्याने पिकाला काय होते हे शास्त्रज्ञ सांगू शकत नसले तरी दुकानाला काय होते हे कोणीही सांगेल. बँकेला जमीन दिसते आणि सोसायटीला मत. दुकानदाराला पिकावरची कीड दिसते, आणि त्याचे सारे व्याज बाटलीत बंद असते.

बाजार समितीतील आडत्या त्याहून पुढचा. शेतकऱ्याचा माल विकून देणारा हा मध्यस्थ हंगामाआधी उचल देतो आणि बहुतेक वेळा व्याज सांगतही नाही, कारण त्याची अट एकच असते: माल आपल्याच गाळ्यावर आला पाहिजे. त्यानंतर भाव, हमाली, तोलाई आणि कडता (म्हणजे वजनातली कपात) ही चार भावंडे मिळून व्याजाचे काम निमूटपणे करतात. फळे आणि भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असा निर्णय राज्याने २०१६ मध्ये घेतला. पण ज्याने मे महिन्यात आडत्याकडून मुलीच्या लग्नाला पैसे नेले, तो ऑक्टोबरात त्याला नियम वाचून दाखवील ही अपेक्षा मानवी स्वभावाला सोडून आहे.

अलीकडे सूक्ष्म वित्त कंपन्यांचीही यात भर पडली आहे. सूक्ष्म वित्त म्हणजे वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारण दिलेले लहान कर्ज. ते बहुधा बायकांच्या गटाला दिले जाते, कारण पुरुषाला कर्ज दिले तर ते फिटेल की नाही याचा भरवसा नसतो, हे सत्य देशभरातील स्त्रियांना पूर्वीपासून आणि वित्तसंस्थांना अलीकडे कळले आहे. कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक रक्कम हप्त्यांत जाऊ नये असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे, पण शेतकऱ्याचे मासिक उत्पन्न ही संकल्पनाच मुळात शहरात तयार झालेली आहे. पीक चार महिन्यांनी येते आणि हप्ता दर मंगळवारी. येथे तारण जमिनीचे नसून आळीतल्या अब्रूचे असते. एकीचा हप्ता चुकला की उरलेल्या चौघी तिच्या ओट्यावर येऊन बसतात, आणि त्यांना चहा करून देईपर्यंत व्याज व दंडव्याज दोन्ही वसूल झालेले असते.

अखेर पुन्हा सावकार. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानुसार सावकाराला सहकार खात्याचा परवाना लागतो आणि शेतकऱ्याकडून त्याला तारणी कर्जावर वर्षाला नऊ व विनातारण कर्जावर बारा टक्क्यांहून अधिक व्याज घेता येत नाही. या दराने कर्ज देणारा सावकार गावात शोधू गेले असता परवान्याची पाटी सापडते. प्रत्यक्ष व्यवहार बिनपरवाना आणि ‘शेकडा तीन’ अशा भाषेत होतो. येथे टक्का महिन्याचा असतो, हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही, त्यामुळे चार टक्के आणि तीन टक्के यांत तीन स्वस्त असा समज एखाद्या शहरी पाहुण्याचाच होऊ शकतो. मुद्दलाहून अधिक व्याज घेऊ नये, असा ‘दामदुप्पट’ नावाचा जुना नियम हिंदू धर्मशास्त्रात आहे आणि आजच्या कायद्यानेही तो उचलला आहे, पण बिनपरवाना माणूस शास्त्र आणि कायदा या दोहोंच्या बाहेर बसतो. तो जमिनीचे गहाणखत करत नाही, सरळ खरेदीखत करून घेतो, आणि पैसे परत आल्यावर जमीन उलटून देण्याचे वचन तोंडी असते. या एका कागदाने किती घरे उठली हे पाहिले म्हणजे विनोदाची लेखणी क्षणभर खाली ठेवावी लागते. सुप्यातले लोक शेकोटी करत होते ती कशाची, हेही तेव्हा नीट कळते.

आणि तरीही शेतकरी त्याच्याकडे जातो, कारण सावकार रात्री अकरा वाजता दार उघडतो. दवाखान्यात अनामत भरायची असते, पेरणीचा पाऊस पडून गेलेला असतो, बैल बसलेला असतो; त्या घटकेला चार टक्क्यांचे कर्ज पंधरवड्यानंतर मिळणे आणि न मिळणे यांत फरक नसतो. बँक दर स्वस्त ठेवते आणि वेळ महाग करते, सावकार वेळ स्वस्त ठेवतो आणि दर महाग करतो. शेतीला मात्र घाई असते. मृगाला सर्व्हर बंद असल्याचे कळवता येत नाही.

आता उरते ते सर्वांत महत्त्वाचे प्रकरण. वरील सारे धनको परस्परांचे प्रतिस्पर्धी आहेत आणि एक वाढला की दुसरा घटतो, अशी समजूत अहवाल लिहिणाऱ्यांत प्रचलित आहे. तिला आकडेवारीचा आधारही आहे: २०१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशातील शेतकरी कुटुंबांच्या थकीत कर्जापैकी सुमारे ७० टक्के संस्थांचे होते आणि धंदेवाईक सावकारांचे २०.५ टक्के. जे ७० टक्के १९५१ मध्ये सावकारांकडे होते ते आता संस्थांकडे आले, तेव्हा सावकार हरला, असे मानण्यास हरकत दिसत नाही. परंतु अशा पाहणीत पाहणीच्या दिवशी डोक्यावर असलेले कर्ज मोजले जाते. जे कर्ज मार्चच्या अखेरीस आठ दिवसांपुरते जन्मते आणि लगेच निवर्तते, ते या मोजणीत सापडणे अवघड आहे. त्या कर्जाचा विधी मराठीत ‘नवं-जुनं करणे’ या नावाने ओळखला जातो.

नवं-जुनं म्हणजे जुने कर्ज फेडून लगेच नवे घेणे. बँकेच्या दृष्टीने या दोन घटना आहेत, शेतकऱ्याच्या दृष्टीने एकच. सवलत हवी तर मुदतीच्या आत पूर्ण रक्कम भरली पाहिजे. मालाचे पैसे तर आडत्याकडे, दुकानदाराकडे आणि मंगळवारच्या हप्त्यात जिरलेले असतात. कोणी म्हणेल, न भरता कर्जमाफीची वाट पाहावी. २००८, २०१७ आणि २०१९ अशा तीन मोठ्या माफ्या झाल्या आहेत, तेव्हा ही वाट पाहणे अगदीच वेडेपणाचे नाही. पण पाऊस निदान दरवर्षी येण्याची शक्यता असते, माफीला निवडणूक लागते, आणि तोवर थकबाकीदार ठरून सिबिलवर, म्हणजे प्रत्येकाच्या कर्जफेडीची जन्मकुंडली ठेवणाऱ्या कंपनीच्या नोंदीत, शनी बसतो. म्हणून शहाणा शेतकरी गावातून एक लाख रुपये आठ दिवसांसाठी उचलतो, बँकेत भरतो, आठवड्याने नवे कर्ज मंजूर झाले की ते काढतो आणि गावात परत देतो. आठ दिवस असले तरी सावकार महिना पुरा धरतो: शेकडा तीनने तीन हजार रुपये.

या आठ दिवसांत सगळ्यांचे भले होते. बँकेची वसुली शंभर टक्के दिसते, सोसायटी बँकपातळीवर वसूल पूर्ण झाल्याचा फलक लावून पेढे वाटते, अहवालात शेतकऱ्याची परतफेडीची क्षमता सुधारते, आणि केंद्र सरकार त्या प्रामाणिक शेतकऱ्याला वेळेवर फेडल्याबद्दल तीन टक्क्यांचे प्रोत्साहन देते. एक लाखावर वर्षाचे तीन टक्के म्हणजे तीन हजार रुपये. सावकाराचे महिन्याचे तीन टक्केही तीन हजारच. म्हणजे दिल्लीहून सावकारी संपवण्यासाठी निघालेली रक्कम शेतकऱ्याच्या खात्याला क्षणभर स्पर्श करून, एका पैचाही फरक न पडता, सावकाराच्या ओसरीवर पोचते. इतक्या अचूक हिशेबाचे श्रेय कोणत्याही समितीने आजवर घेतलेले नाही.

संस्थात्मक पतपुरवठा आणि सावकारी यांची तुलना करणाऱ्याने म्हणूनच दोन्ही बाजू मांडून झाल्यावर खाली एक रेघ ओढावी आणि तेथे हा पंधरावा हेलपाटा लिहावा. पहिल्या चौदांचा खर्च काढता येतो, कारण त्यांना एसटीचे तिकीट असते. पंधरावा अंधार पडल्यावर, पायी, गावातल्या गावात होतो, आणि त्याची नोंद करायला सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यातही जागा नसते.